रक्तातील साक्षीदार

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. यकृताचा रोग आणि रक्तातील प्रतिपिंडे हा प्रांत डॉक्टरांचा. शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. परंतु गेली काही वर्षे ज्या माणसांत आम्ही काम करतो ती रुग्णालयांत झाडलोट करणारी, कचऱ्याच्या पिशव्या उचलणारी, रोग्यांचे कपडे धुणारी आहेत. त्यांच्या आईबापांच्या छातीत गिरणीतल्या कापसाची धूळ जात असे. यांच्या बोटात सुई जाते. त्यांच्या हाती जे वैद्यकीय कागद पडतात ते वाचता आल्याखेरीज त्यांची बाजू मांडता येत नाही, म्हणून हा अभ्यास करावा लागला. परळ-लालबागच्या डॉक्टर मंडळींनी आम्हांस तो न कंटाळता करू दिला, एवढे सांगितले पाहिजे.

तो कागद साधा असतो. त्यावर लिहिलेले असते, ‘अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’. गणेशोत्सवातल्या शिबिरात रक्त देऊन आलेल्या तरुणाला काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते आणि हा कागद त्याच्या हाती पडतो. आखातात नोकरीला निघालेल्या वेल्डरला तपासणीत तो मिळतो. शस्त्रक्रियेच्या आधी रक्त तपासलेल्या बाईला मिळतो. आणि मग त्याचे दोन अर्थ लावले जातात. एक जण म्हणतो, “संपले, यकृत गेले.” दुसरा, जरा शिकलेला, म्हणतो, “अँटीबॉडी म्हणजे प्रतिकारशक्ती. ती अंगात आली म्हणजे आता हा रोग आपल्याला होणार नाही.” एका रुग्णालयातील आयाबाईंनी आम्हांस हेच विचारले होते : “भाऊ, अँटीबॉडी आली हे चांगलेच झाले ना?” दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. दुसरा अधिक घातक, कारण पहिल्याने माणूस निदान घाबरून डॉक्टरकडे जातो.

दुसरा अर्थ लोकांच्या मनात कोठून आला हे मात्र समजण्यासारखे आहे. तो आमच्या याच वस्तीतून आला, असे म्हटले तरी चालेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. १९२५ पासून तिला हाफकिन संस्था म्हणतात. मेलेले जंतू शरीरात घालायचे, शरीराने त्यांची ओळख करून घ्यायची, आणि खरा जंतू आला की त्याला आधीच सिद्ध असलेल्या सामग्रीने गाठायचे. लस, प्रतिकार, बचाव हा क्रम आमच्या आजोबांच्या पिढीपासून लोकांच्या अंगवळणी पडला आहे. देवी गेल्या, पोलिओ गेला. म्हणून प्रतिपिंड म्हणजे पहारेकरी ही समजूत घट्ट झाली.

प्रतिपिंड म्हणजे काय? रक्तात विशिष्ट पेशी असतात. त्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची प्रथिने तयार करतात. त्या आकाराची दोन टोके एका विशिष्ट वस्तूवर, आणि बहुधा तिच्यावरच, नेमकी बसतात. जसे एका कुलपाला एकच किल्ली. परकी वस्तू शरीरात आली की जिची किल्ली थोडीबहुत बसते अशी पेशी वाढीस लागते, तिची संतती किल्ली आणखी घासून नीट करते, आणि काही आठवड्यांत रक्तात त्या किल्ल्यांचा सुकाळ होतो. प्रतिपिंड सापडले म्हणजे रोग सापडला असे मात्र नव्हे. याचे उदाहरण मुंबईचेच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली एक नवाच रक्तगट जगापुढे मांडला. त्याला आज सर्वत्र ‘बाँबे ब्लड ग्रुप’ म्हणतात. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ नसतो, जो तुमच्या-आमच्या पेशींवर असतो. त्यांच्या रक्तात या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आणि तीही जन्मात कधी परके रक्त घेतले नसताना. म्हणून त्यांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. ही माणसे ठणठणीत असतात. प्रतिपिंड आहे, रोग नाही.

आता यकृतदाह ‘सी’कडे वळू. या विषाणूचा शोध प्रतिपिंडामुळेच लागला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे आल्टर आणि त्यांचे सहकारी यांना आढळले की रक्त चढवल्यानंतर कावीळ होणाऱ्या पुष्कळ रोग्यांत ‘ए’ विषाणू नाही आणि ‘बी’ही नाही. या रोगाला बिचाऱ्याला नाव नव्हते; ‘ए नव्हे, बी नव्हे’ हेच त्याचे नाव चौदा वर्षे चालले. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसेना, बशीत वाढेना. शेवटी मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय द्रव्याचे लाखो तुकडे त्यांनी जिवाणूंत घातले, प्रत्येक तुकड्याचे प्रथिन तयार करवले, आणि त्या सगळ्यांवर रोग्याच्या रक्तातील द्रव टाकला. विचार असा की, रोग्याच्या शरीराने शत्रूला पाहिले आहे. आम्हांला तो दिसत नसला तरी त्याचे प्रतिपिंड त्याला ओळखील. लाखोंतून एका तुकड्याला प्रतिपिंड चिकटले. तेवढ्या धाग्यावरून पुढे सारा विषाणू उलगडला आणि १९८९ साली तो जाहीर झाला.

या कामाबद्दल २०२० चे नोबेल पारितोषिक आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले. चू आणि कुओ यांना नाही. हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडातील एक मोठे पारितोषिक या दोघांचा त्यात समावेश नाही म्हणून नाकारले होते. विज्ञानातही काम पाच जण करतात आणि हारतुरे तिघांना पडतात, हे आम्हां कामगार मंडळींना वेगळे समजावून सांगायला नको.

शोध लागताच चाचणी निघाली, कारण चाचणीची सामग्री तीच. विषाणूची प्रथिने एका छोट्या खळग्याच्या तळाशी चिकटवून ठेवायची, वर माणसाच्या रक्तातील द्रव घालायचा, धुऊन टाकायचा. प्रतिपिंड असेल तर ते तळाला धरून राहते. मग रंग देणारे रसायन घातले की खळगा रंगतो. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ याचा अर्थ एवढाच की खळगा रंगला. या चाचणीने १९९० नंतर जगभर रक्तदानाचे चित्र पालटले. आपल्याकडे ती सर्व रक्तपेढ्यांत सक्तीची व्हायला आणखी काही वर्षे गेली, आणि त्या वर्षांची किंमत ज्यांनी मोजली ती लहान मुले होती. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वाडिया, केईएम यांच्या आवारात अशी मुले घेऊन आलेल्या आया परळकरांना अनोळखी नाहीत. १९९० च्या दशकात मुंबईत आणि इतरत्र या मुलांचे रक्त तपासले गेले तेव्हा बऱ्याच जणांत हे प्रतिपिंड सापडले. जे रक्त त्यांना जगवत होते त्यातूनच विषाणू आला होता. पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा तेव्हा उघड चालत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला.

आता मुख्य प्रश्न. शत्रू ओळखला, किल्ल्या तयार झाल्या, त्या भरपूर तयार झाल्या. मग विषाणू मरत का नाही? बाधा झालेल्या शंभरांपैकी सुमारे तीस माणसांत तो सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्या सत्तरांत तो ठाण मांडतो, वीस-वीस तीस-तीस वर्षे राहतो, आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे या साऱ्या काळात असतात. चोर घरात, पोलीसही घरात, आणि दोघे एकत्र नांदताहेत, असा हा प्रकार.

याचे कारण विषाणूच्या घाईत आहे. दीर्घकाळ बाधित माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. आपल्या पेशी आपल्या जनुकांची नक्कल करताना चूक तपासून दुरुस्त करतात. या विषाणूच्या नक्कल करणाऱ्या यंत्राला ती सोय नाही. त्याचा आराखडा सुमारे ९,६०० अक्षरांचा, आणि प्रत्येक नकलेत कोठेतरी अक्षर चुकण्याचा संभव. म्हणून एका माणसाच्या रक्तात एकच विषाणू नसतो. थोड्या-थोड्या फरकाच्या भावंडांची झुंड असते. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर ‘ई-२’ नावाचे प्रथिन आहे आणि त्याच्या एका टोकाचा छोटा पट्टा सर्वांत अधिक बदलतो. प्रतिपिंडे नेमकी याच पट्ट्यावर धावतात, कारण तो समोर असतो. जी भावंडे ओळखू येतात ती मारली जातात. ज्यांचा पट्टा जरासा वेगळा ती वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शरीर नवी किल्ली घडवते. तोवर कुलूप बदललेले.

हे नुसते अनुमान नव्हे. शास्त्रीय वाङ्मयात ‘पेशंट एच’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकेतील एक रोगी आहे. १९७७ साली रक्तातून त्याला बाधा झाली, आणि त्याच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे शीतपेटीत जपून ठेवले गेले. सव्वीस वर्षांच्या नमुन्यांची पुढे तुलना केली तेव्हा असे दिसले की कोणत्याही वर्षीचे त्याचे प्रतिपिंड त्याच्या आधीच्या वर्षांतील विषाणूला निकामी करू शकते, परंतु त्याच वर्षीच्या विषाणूपुढे लंगडे पडते. कालच्या चोराचे वर्णन अगदी बिनचूक; आजच्या चोराने टोपी बदललेली. उलट बाजूचा पुरावाही आहे. काही माणसांत जन्मजात दोषामुळे प्रतिपिंडे नीट तयारच होत नाहीत. त्यांना हा रोग झाला असता विषाणूचा तो चंचल पट्टा फारसा बदलत नाही असे आढळले. पाठलागच नाही, तर वेष बदलण्याचे कारण काय?

शिवाय विषाणूपाशी आणखी युक्त्या आहेत. त्याचे आवरण साखरेच्या रेणूंनी झाकलेले असते, आणि तो रक्तातील चरबीच्या कणांत गुरफटून हिंडतो. एका यकृतपेशीतून शेजारच्या पेशीत तो परस्पर जातो, तेव्हा रक्तात उतरतच नाही. मग रक्तातील पहारा काय करील? संसर्ग हुसकून लावण्याचे मुख्य काम प्रतिपिंडांपेक्षा टी-पेशी नावाच्या दुसऱ्या दलाचे असते. ज्यांचा रोग आपोआप जातो त्यांच्यात हे दल पहिल्या काही महिन्यांत जोरात उठते, आणि अनेक जातींचे विषाणू ओळखणारी प्रतिपिंडेही त्यांच्यात लवकर येतात असे दिसले आहे. उशीर झाला की टी-पेशी दमतात. शत्रू समोर असून त्या हात उचलत नाहीत. संपाच्या दिवसांत आमच्या वडीलमंडळींनी १९८२ साली हे माणसांत पाहिले. पहिल्या महिन्याचा जोर अठराव्या महिन्यात राहत नाही, आणि मालकाला हे ठाऊक असते.

याच कारणाने यकृतदाह ‘सी’वर आजतागायत लस नाही. ‘बी’वर आहे, आणि उत्तम आहे. येथे एक मोठा घोटाळा होतो, तो सांगितला पाहिजे. लस टोचल्यावर ‘बी’चे प्रतिपिंड तपासतात, ते दहा एककांच्या वर आले तर डॉक्टर पाठ थोपटतात. तेथे प्रतिपिंड खरेच पहारेकरी आहे. त्याच रुग्णालयात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच कागदावर खालच्या ओळीत ‘सी’चे प्रतिपिंड असते आणि ते आले तर पुढची चौकशी करावी लागते. वरची ओळ वाचून आनंदलेली बाई खालची ओळही त्याच आनंदाने वाचते. आयाबाईंचा प्रश्न असाच आला होता.

तेव्हा ‘सी’चे प्रतिपिंड काय सांगते? गिरणीच्या फाटकावर आत येणाऱ्याचे नाव लिहिणारा एक कारकून कल्पा, पण त्याच्या वहीत बाहेर जाण्याचा रकानाच नाही. वही उघडली तर एवढे कळेल की अमका कधीतरी आत आला होता. तो आत आहे की केव्हाच निघून गेला, हे वही सांगणार नाही. ते पाहायचे तर खात्यात जाऊन माणूस शोधला पाहिजे. ही खात्यातली तपासणी म्हणजे विषाणूच्या आरएनएची चाचणी. ती विषाणूलाच शोधते. प्रतिपिंड आहे आणि आरएनए नाही, तर माणूस आज बाधित नाही. त्याचा रोग आपोआप गेला असेल किंवा औषधाने गेला असेल. प्रतिपिंड आहे आणि आरएनएही आहे, तर उपचार हवे.

वहीत कधी खोटी नोंदही पडते. समजा, दहा हजार रक्तदात्यांत खरोखर बाधा झालेले तीस आहेत, आणि चाचणी निरोगी माणसांत हजारी पाच वेळा चुकून रंगते. तर खरे तीस आणि खोटे सुमारे पन्नास. चाचणी चांगली असूनही बोलावणे आलेल्या ऐंशीपैकी पन्नासांना काहीच झालेले नाही! आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेब असाच चालतो. जेथे रोग कमी तेथे खोट्या नोंदींचे प्रमाण अधिक. रक्तपेढीने ते रक्त टाकून दिले हे योग्यच. पण तेवढ्यावरून घरात त्या पोराचे ताट वेगळे मांडणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. हा विषाणू ताटातून, शिंकेतून, मिठीतून जात नाही. तो रक्तातून जातो.

उलटही घडते. माणूस आत आला, पण कारकुनाने अजून लिहिलेच नाही. बाधा झाल्यापासून प्रतिपिंड दिसू लागायला सर्वसाधारणपणे आठ ते अकरा आठवडे लागतात. आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच दिसतो. या मधल्या काळात प्रतिपिंडाची चाचणी कोरी येते आणि रक्त मात्र बाधित असते. काही रक्तपेढ्या म्हणून विषाणूच्या जनुकाचीही तपासणी करतात. मूत्रपिंडाच्या रोग्यांत, ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते की कारकून कधी लिहीतच नाही. आणि नवजात बालकाच्या वहीत आईच्या हाताची नोंद असते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात व अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाधित मातांच्या शंभर बाळांपैकी सुमारे पाच-सहांनाच प्रत्यक्ष विषाणू लागतो, पण जन्मतः प्रतिपिंड बहुतेक सर्वांत सापडते. दीड वर्षाच्या आत केलेल्या या चाचणीवरून सासरी त्या बाईला बोल लावला गेल्याचे आम्ही एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

प्रतिपिंडांचा हा अखंड आणि निष्फळ उद्योग शरीराला फुकट पडत नाही. वर्षानुवर्षे विषाणू चिथावणी देत राहिला की प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी भडकतात. त्या प्रतिपिंडांवरच धरणारी प्रतिपिंडे तयार करू लागतात. या गुंत्यांना गारठ्यात साकळण्याची खोड असते. परीक्षानळीतला द्रव काही दिवस शीतपेटीत ठेवला तर तळाशी पांढरा साका बसतो, आणि शरीराइतकी ऊब दिली की विरघळतो. क्रायोग्लोब्युलिन असे याचे नाव. म्हणून या तपासणीचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत उबेत न्यावे लागते, नाहीतर साका वाटेतच बसतो आणि तपासणी कोरी येते. दीर्घ आजारात पुष्कळांच्या रक्तात हे सापडते, त्रास थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांच्या पायांवर जांभळे ठिपके उठतात, सांधे धरतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित मूत्रपिंड बिघडते. यात फसगत अशी की संधिवाताची जी रक्ततपासणी करतात तीही यात रंगते, कारण तीही प्रतिपिंडावरच्या प्रतिपिंडाचीच असते. रोग यकृतात, आणि माणूस सांधेदुखीची औषधे घेत बसला आहे. यकृत बिचारे मुके. त्याला दुखत नाही. दीर्घ बाधा झालेल्या शंभरांपैकी पंधरा ते तीस जणांचे यकृत वीस वर्षांत निबर होऊन जाते, आणि पोटात पाणी झाल्यावर कळते.

उपचारांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आनंदाची आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसब्युव्हिर हे औषध मंजूर झाले. ते विषाणूचे नक्कल करणारे यंत्रच अडवते. प्रतिपिंडांना जे जमले नाही ते ही गोळी करते. किंमत एका गोळीची हजार डॉलर, बारा आठवड्यांची ८४ हजार. सप्टेंबर २०१४ मध्ये ज्या भारतीय कंपन्यांना ते तयार करण्याचा परवाना मिळाला त्यांत सिप्लाही होती, जिची कचेरी आज लोअर परळला आहे. त्यामुळे तेच औषध येथे मूळ किमतीच्या अगदी लहान अंशात मिळू लागले. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही नेमलेल्या केंद्रांवर मोफत आहेत. दोन औषधे मिळून बहुधा बारा आठवडे घ्यायची; शंभरांत पंच्याण्णवांहून अधिक बरे होतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात सुमारे ५५ लाख लोक बाधित होते. औषध आहे, पण आपल्याला ते हवे हेच बहुतेकांना माहीत नाही.

बरा झालेल्या माणसाच्या वहीतली नोंद मात्र पुसली जात नाही. विषाणू समूळ गेला तरी प्रतिपिंड वर्षानुवर्षे रेंगाळते. आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने उपचार पुरे केले, आरएनए शून्य आला, आणि तरी एका दलालाच्या तपासणीकेंद्राने प्रतिपिंड रंगले म्हणून त्याला नापास केले. बरे झाल्याची शिक्षा ती हीच. आणि हे पहारेकऱ्याचे काम नव्हे म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा बाधा होऊ शकते. पुढच्या वेळी त्याला प्रतिपिंड विचारून उपयोग नाही, थेट आरएनएच पाहावा लागतो.

आता ज्यासाठी आम्ही हा सारा अभ्यास केला त्या गोष्टीकडे येतो. वापरलेली सुई कायद्याने पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायची असते. ती पिवळ्या किंवा लाल पिशवीत जाते, आणि पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीला किंवा बोटाला लागते. अशा टोचण्यातून ‘सी’ची बाधा होण्याचा संभव शंभरांत दोनांहूनही कमी आहे, घाबरून जाऊ नये, पण वर्षभरात किती पिशव्या उचलल्या जातात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एका रुग्णालयात कंत्राटावर असलेल्या एका बाईंना सुई लागली. मुकादम म्हणाला, “साबणाने हात धुवा आणि कामाला लागा, ताई.” सहा महिन्यांनी दुसऱ्या कारणाने रक्त तपासले, तर प्रतिपिंड रंगले आणि आरएनएही निघाला. आम्ही नुकसानभरपाईचा दावा मांडला. कंत्राटदाराच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला : हा रोग तिला नोकरीपूर्वीच नव्हता कशावरून? त्याला उत्तर देणारा एकही कागद आमच्यापाशी नव्हता, कारण सुई लागली त्या दिवशी तिचे रक्त कोणी तपासले नव्हते.

येथे प्रतिपिंडाचा तोच स्वभाव, जो रोग्याच्या उपयोगी पडत नाही, कामगाराच्या उपयोगी पडतो. ते उशिरा येते. सुई लागल्यापासून ४८ तासांच्या आत रक्त तपासले आणि ते कोरे आले, तर त्याचा अर्थ सरळ आहे : या सुईची नोंद वहीत पडायला अजून आठवडे आहेत, आणि जुनी नोंद तर नाहीच. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए पाहायचा, चार ते सहा महिन्यांनी पुन्हा प्रतिपिंड. पहिला कागद कोरा आणि शेवटचा रंगलेला, तर नोंद या दोन तारखांच्या मध्ये पडली. ज्या रोग्यासाठी ती सुई वापरली त्याचा पत्ता लागला तर त्याचे रक्तही तपासायचे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती आणि रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत काम करताना जडणारे सांसर्गिक रोग तीत अगदी पहिले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. कायदा जागेवर आहे. साक्षीदार वेळेवर बोलावला गेला की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रुग्णालयाला आपल्या कामगारांची नोकरीच्या आरंभी आणि पुढे वर्षातून एकदा तरी आरोग्यतपासणी करणे भाग पाडले आहे. या तपासणीत बहुधा वजन घेतात, छाती पाहतात आणि सही घेतात. आमचे म्हणणे असे की पहिल्याच दिवशी ‘सी’चे प्रतिपिंडही तपासावे, कागद कामगाराच्या हाती द्यावा, आणि तो रंगलेला निघाला तर नोकरी नाकारण्याचे कारण म्हणून न वापरता त्याला सरकारी केंद्रावर आरएनएसाठी पाठवावे. दोन ठिकाणी हे मान्य झाले आहे. तेथे वॉर्डाच्या दाराशी एक वही टांगलेली असते; तीत तारीख, वेळ, सुई कोठल्या पिशवीत होती, आणि रक्त किती वाजता घेतले हे चार रकाने आहेत. चौथा रकाना भरल्याशिवाय मुकादमाने त्या पाळीच्या हजेरीवर सही करायची नाही, असे ठरले आहे. तिसऱ्या ठिकाणी बोलणी चालू आहेत. तेथील व्यवस्थापनाचा आक्षेप चाचणीच्या खर्चाला नाही, चौथ्या रकान्याला आहे.